स्पीच थेरपी क्लिनिक, जळगाव : एमएनडीच्या पेशंटसाठी कसं आहे (४ स्टार)

आजार बरा होईल म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, थेरपिस्ट मॅडम स्वतःच सुरुवातीला ते स्पष्ट सांगून टाकतात. पण मोटर न्यूरॉन डिसीजच्या (एमएनडी, स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात तो आजार) पेशंटला आज काय गिळता येतंय, काय नाही आणि पुढची तयारी कशाची करायची हे समजून घ्यायचं असेल तर जरूर जा.

आमच्या आबांचं जिभेपासूनच सुरू झालं. एसटीत कंडक्टर होते, अमळनेर डेपो, आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठायचा. बोबडं बोलायला लागले तर घरात कोणी म्हणे कवळी सैल झाली, कोणी म्हणे लकवा. निदान झाल्यावर आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं, तिथे तोंड उघडून बघितलंसुद्धा नाही, फुगे फुगवा शिट्टी वाजवा असं लिहून दिलं, आबा त्यानेच दमून जायचे आणि संध्याकाळपर्यंत बोलणं अजून जड.

इथे मॅडमनी दीडेक तास दिला. आधी जीभ बाहेर काढायला लावली, मग आत आरामात ठेवून टॉर्च मारला तर जिभेवर बारीक बारीक फडफड चालू, ती त्यांनी मला पण दाखवली. गालाला आतून जिभेने ढकला म्हणून बाहेरून बोट लावून जोर बघितला. लांब आ, मग प-त-क प-त-क भरभर, मग जोरात खोकला. खोकल्याकडे त्यांचं फार लक्ष होतं, कारण घास चुकून श्वासनलिकेत गेला तर तो बाहेर फेकायची ताकद पाहिजे ना. वाचायला प्रमाण मराठीतला उतारा दिला, आबा अडखळले, तर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आबा, अहिराणीमा बोला, जेवन व्हयनं का?" मग आबा सुटले. मला हे सगळ्यात जास्त आवडलं, कारण घरी तेच बोलतात तर तपासायचं पण तेच ना. प्रश्न पण आबांनाच विचारत होत्या, मला नाही. मधेच आबांना उगाच रडू फुटलं, पाठोपाठ हसू, मी घाबरलो, पण हा आजाराचाच भाग असतो म्हणे आणि त्यावर न्यूरोलॉजिस्टकडे औषध आहे.

गिळण्याची टेस्ट चमच्याभर पाण्यापासून. प्रत्येक घोटानंतर आ म्हणायला लावायच्या, आवाज ओला घुरघुरता आला की समजायचं काहीतरी घशात राहिलं. मग दही, केळं, शेवटी बिस्किट. आबांना दही एकदम व्यवस्थित गेलं आणि साध्या पाण्याला ठसका, आम्ही घरी नेमकं उलटं समजत होतो की पातळ सोपं! आता चहा-पाण्यात थिकनर, म्हणजे घट्ट करायची पावडर, घालतो आणि किती घट्ट झालं ते १० मिलीच्या सिरिंजने बघतो, १० सेकंद सोडायचं आणि आत किती उरलं त्यावरून घट्टपणाची लेव्हल. कळण्याची भाकरी कोरडी बंद, दुधात किंवा वरणात पार कुस्करून चालेल. शेवभाजीला मात्र सरळ नाही म्हणाल्या, पातळ रस्सा आणि शेव एका घासात नको. आबा दोन दिवस रुसले होते.

रिपोर्टमध्ये पेशंटला काय काय जमतंय ते मोजायचा ४८ मार्कांचा एक स्केल असतो, त्यात बोलणं, लाळ आणि गिळणं प्रत्येकी ४ मार्कांचं. शिवाय दर महिन्याला वजन लिहायचं. जेवण द्यायला पोटातून नळी, म्हणजे पेग, याचा विषय त्यांनीच काढला, श्वासाची ताकद ५० टक्क्यांच्या खाली जायच्या आत बसवलेली बरी असं समजावलं. आईला ते ऐकवेना पण कोणीतरी वेळेत बोलायलाच हवं होतं. आवाज आहे तोवर रेकॉर्डिंग करून ठेवा हे पण सांगितलं, ते चालू आहे, नातवाला हाक मारताना, तिकीट तिकीट ओरडताना सगळं.

कमी काय, तर बेरियम पाजून एक्सरेखाली गिळणं बघतात ती सोय इथे नाही. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, ते नुसतं बाहेरून बघून पकडता येत नाही, त्यासाठी चिठ्ठी घेऊन मोठ्या शहरात जावं लागतं. रिपोर्ट इंग्रजीत देतात, मराठीत मागितला तर मिळतो पण दोन दिवसांनी. एक स्टार कापला तो जिन्यासाठी, क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट कायम बंद, व्हीलचेअरवाल्यांनी आधी फोन करा म्हणजे मॅडम खाली केमिस्टच्या मागच्या खोलीत बघतात. अपॉइंटमेंट सकाळचीच घ्या, दुपारनंतर पेशंट थकलेला असतो.