‘निगेटिव्ह आयन’ पेंडंट: पाचपैकी एक तारा, तोही दोरीला

मावशीच्या नाकाशेजारचा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) काढल्यावर कुणीतरी तिला हे पेंडंट ऑनलाइन मागवून दिलं. काळी चकती, स्टीलची कड, सोबत होलोग्रामवालं कार्ड. माहितीपत्रक म्हणतं, यातली ‘सौम्य नैसर्गिक ऊर्जा’ प्रतिकारशक्ती वाढवते, कॅन्सर पसरू देत नाही. अंगाला चिकटून घाला, झोपतानाही काढू नका. मी रेडिओथेरपी विभागात टेक्नॉलॉजिस्ट. मावशीने ते माझ्या हातावर ठेवलं, “बघ गं, तुझ्याच खात्यातलं दिसतंय.”

दोरी उत्तम आहे. गाठ सरकते, मानेला टोचत नाही. कौतुक संपलं.

विभागातला किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर जवळ नेला, तर एरवी मधूनच टक् करणारं यंत्र सलग कडकडायला लागलं. मध्ये कागद धरला, किंचित फरक. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा धरल्यावर आवाज बराच बसला. म्हणजे बीटा किरण (कागदातून जाणारा, पण पत्र्याने अडणारा किरणोत्सर्ग) भरपूर. असल्या ‘आयन पावडरी’त बहुतेकदा मोनाझाइट खनिज असतं, आणि त्यात थोरियम व थोडं युरेनियम, दोन्ही किरणोत्सर्गी. विक्रेत्याच्या व्हिडिओत आयन टेस्टरचा आकडा चढताना दाखवतात, हाच म्हणे पुरावा. पुरावा आहेच! किरणोत्सर्गाने हवेचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात आणि टेस्टर तेच मोजतो. ‘परिणाम आयुष्यभर टिकतो’ हा दावाही खरा; थोरियम-232चं अर्धआयुष्य सुमारे 1,400 कोटी वर्षं आहे.

आता पसरण्याबद्दल. बेसल सेल कार्सिनोमा मुळातच दूरच्या अवयवांत अगदी क्वचित जातो. तो जागच्या जागी पोखरतो. त्यामुळे ‘पेंडंट घातलं, माझा पसरला नाही’ असल्या प्रतिक्रियांना काडीचा अर्थ नाही. गळ्यात कपाटाची किल्ली अडकवली असती तरी बहुधा पसरला नसता. मेलानोमा हा त्वचेचा दुसरा कॅन्सर मात्र लिम्फ नोड, फुप्फुस, यकृत, मेंदू असा कुठेही जाऊ शकतो. त्याच्या पेशंटने या चकतीच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलली, तर ते मला किरणांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

“पण तुम्हीही रेडिएशननेच बरं करता ना?” मावशीचं म्हणणं रास्त. करतो. त्वचेच्या कॅन्सरला बऱ्याचदा एकूण 40 ते 60 ग्रे (किरणांच्या डोसचं एकक), थोड्याथोड्या भागांत. शिशाच्या पत्र्याला गाठीच्या मापाचं भोक पाडून, बाकीची कातडी झाकून. त्या डोसने कॅन्सरची पेशी मरते. या चकतीच्या डोसने ती मरत नाही, डीएनएला ओरखडे पडतात. बहुतेक दुरुस्त होतात, एखादा राहून जातो. आणि कातडीच्या वरच्या आवरणाच्या तळाशी असलेल्या ज्या बेसल थरातून हा आजार उगवतो तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास खोल असतो, बीटा किरण तिथे सहज पोहोचतात. कमी डोसने प्रतिकारशक्ती जागी झाल्याचे प्रयोग आहेत, तसे उरलेल्या पेशी जास्त हालचाल करू लागल्याचेही. त्वचेच्या कॅन्सरवर असा कमी डोस हा मान्य उपचार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला डोक्याच्या नायट्यावर मुलांना एक्स-रे देत. दशकांनंतर त्यांच्यात डोक्यावर बेसल सेल कार्सिनोमा जास्त आढळले. तो डोस चकतीच्या मानाने खूपच मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगते. चार दिवस घातलं म्हणून कुणाला कॅन्सर होत नाही. पण रात्रंदिवस, वर्षानुवर्षं, त्याच जागी, आणि तेही एकदा आजार होऊन गेलेल्या कातडीवर? नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर 2021मध्ये अशा 10 वस्तूंबद्दल इशारा दिला, त्यात मुलांचं ब्रेसलेटही होतं.

घरात असेल तर फोडू नका, घासू नका. धूळ श्वासात जाणं जास्त वाईट. पिशवीत बंद करून लांब ठेवा आणि किरणोत्सर्ग नियामकाला विचारा. मी विक्रेत्याला मीटरचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: “म्हणजे आमचं उत्पादन ओरिजिनल आहे.”