निकॉन पी ९५०: सेन्सरवाले, झूमवाले आणि आपल्यासारखे

आधीच सांगतो, मी निकॉनचा पी ९५० हा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) वापरतो आणि मला तो आवडतो, त्यामुळे ब्रिज कॅमेरा म्हणजे खेळणं असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी इथूनच मागे फिरलं तरी चालेल.

पुण्याच्या पक्षीवाल्यांमध्ये यावरून दोन तट आहेत. एक सेन्सरवाले, म्हणजे निकॉनचा डी ५०० नाहीतर डी ७२०० हा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि त्यावर २००-५०० किंवा १५०-६०० मिलिमीटरच्या लेन्सची तोफ. दुसरे आमच्यासारखे झूमवाले. सेन्सरवाल्यांचं म्हणणं खोटं नाहीये. पी ९५० चा सेन्सर (प्रकाश टिपून फोटो बनवणारी चिप) साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा लहान, आणि डी ५०० चा क्षेत्रफळात त्याच्या तेरापट. त्यात फुल झूमला अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ ६.५ इतकं बारीक, म्हणजे उजेड कमी झाला की खेळ खलास. सकाळी लवकर सिंहगड व्हॅलीत झाडीतल्या स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा फोटो काढायला जा, आयएसओ (कमी उजेडात वाढवावी लागणारी सेन्सरची संवेदनशीलता) ८०० च्या पुढे गेला की पिसांचा नुसता लगदा होतो, आणि ८०० ला पण मी फार खूष नसतो.

पण मग हीच मंडळी गणित अर्धंच सांगतात ना. डी ५०० वर २००-५०० लावली की त्याच्या सेन्सरमुळे ५०० चे दीडपट, म्हणजे ७५० मिलिमीटरइतकी पोच मिळते, पी ९५० ची २०००. आता तो ७५० चा फोटो २००० इतका जवळ दिसेपर्यंत क्रॉप करा (कडा कापा), २०.९ मेगापिक्सेलमधले जेमतेम ३ उरतात. ते ३ स्वच्छ असतात हे मान्य, पण लांबच्या दगडावर बसलेला चिखल्या नेमका कुठल्या जातीचा हे ओळखायचं असेल तर मला माझे १६ मेगापिक्सेल बरे वाटतात. शिवाय ती बॉडी आणि लेन्स मिळून ३ किलोच्या वर, हा १ किलो, गळ्यात अडकवून दिवसभर फिरा. आणि भिगवणला दुपारी पाणी तापून हवा थरथरायला लागली की लांबचे रोहित (फ्लेमिंगो) तुमच्या तोफेतूनही वितळल्यासारखेच दिसतात, तिथे सेन्सर काय करणार!

उडते पक्षी मात्र विसरा, अगदी विसरा. ऑटोफोकस हळू आहे आणि बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) ७ फ्रेम प्रति सेकंद म्हणत असले तरी १० फोटो झाले की कॅमेरा ते कार्डवर लिहीत बसतो, तोपर्यंत वेडा राघू किडा पकडून, आपटून, गिळून मोकळा. कापशी मिळते, कारण ती बिचारी हवेत एका जागी पंख मारत थांबते. सतत भिरभिरणाऱ्या पाकोळीच्या वाटेला जाऊच नका.

एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही, लेन्सच्या कडेला स्नॅपबॅक झूमचं बटण आहे. २००० ला पक्षी फ्रेममधून निसटला की परत सापडता सापडत नाही, नुसत्या फांद्या आणि आभाळ. ते बटण दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी मधोमध आणायचा, बटण सोडलं की झूम पुन्हा होता तिथे. नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच शिकवतो, सेटिंग वगैरे नंतर. दुसरं म्हणजे २००० आहे म्हणून कायम २००० वापरू नका, १२०० च्या आसपास फोटो जास्त कुरकुरीत येतो असं माझं मत आहे, यावर झूमवाल्यांमध्येच भांडणं आहेत 😄

तर कोणी घ्यावा? पक्षी बघणं आधी आणि फोटो नंतर अशी ज्यांची आवड आहे त्यांनी डोळे झाकून. प्रिंट काढून भिंतीवर लावायचेत, स्पर्धेला पाठवायचेत, तर सेन्सरवाल्यांचंच ऐका, सेकंडहँड घ्या पण तेच घ्या. निकॉनच्याच पी १००० चा ३००० चा आकडा बघून हुरळू नका, तो १.४ किलोचा आहे आणि एवढ्या झूमला हातात धरून स्थिर फोटो काढणं अवघड जातं.

सेकंडहँडमध्ये जुना पी ९०० पण बऱ्यापैकी फिरतोय. झूम तेवढाच, पण त्यात रॉ (एडिटिंगसाठीची कच्ची फाइल) नाही आणि फ्लॅश किंवा डॉट साइट (पक्ष्यावर नेम धरायचा लाल ठिपका) लावायला वरचा खाचा, म्हणजे हॉट शू, पण नाही. रॉमध्ये एडिटिंग करणार असाल तर तिकडे जाऊ नका, नुसतं जेपेग काढून ग्रुपवर टाकणार असाल तर पैसे वाचवा. आणि पी ९५० घेतलात तर जोडीला जादा बॅटरी घ्याच, एका चार्जमध्ये कंपनीच २९० फोटो सांगते, त्यात झूम सारखा आतबाहेर केला की दुपारच्या आत लाल दिवा.