रिस्टेकिंग, पंधरा महिन्यांनंतर: तो ‘पेंडिंग’ नावाचा शब्द

सप्टेंबर 2025 मध्ये गावाकडच्या विहिरीवरची मोटर जळाली आणि मी 0.8 इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन) काढायला घेतले. जुलै 2024 मध्ये ते एका लिक्विड रिस्टेकिंग अ‍ॅपमध्ये, म्हणजे इथर तारण म्हणून लावून त्याची पावती म्हणून विकता येणारं टोकन देणाऱ्या अ‍ॅपमध्ये, ठेवले होते (नाव घेत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही). बटण दाबलं, गॅस फी (नेटवर्कवरच्या व्यवहाराचं शुल्क) भरली, पडद्यावर एकच शब्द आला: ‘पेंडिंग’. पुढचे 45 दिवस तो तसाच. तारीख नाही, रांगेत कितवा नंबर ते नाही. आमच्या पतसंस्थेतला शिपाईसुद्धा “साहेब जेवायला गेलेत” एवढं तरी सांगतो.

थांबावं लागणार हे माहीत होतं. हे रिस्टेकिंग ज्यावर चालतं त्या आयगनलेयरचे 14 दिवस, शिवाय इथेरियमच्या व्हॅलिडेटरांची (इथर अडकवून व्यवहार तपासणाऱ्यांची) बाहेर पडायची रांग. ती त्या महिन्यात 40 दिवसांच्या वर गेली होती, त्याचं खापर अ‍ॅपवर फोडणार नाही. पण दोन्ही रांगा एकदमच सुरू होतात की एक संपल्यावर दुसरी, हे सपोर्टला चार वेळा विचारलं. चारही वेळा तोच छापील मजकूर. टोकन बाजारात लगेच विकता आलं असतं, पण साधारण 0.6 टक्के घाट्यात, म्हणजे 1,900 रुपये. नाही सोडले. मेव्हण्याकडून हातउसने घेतले.

तर, त्या 14 दिवसांबद्दल. आधी ते 7 होते. एप्रिल 2025 मध्ये दुप्पट झाले तेव्हा मी कट्ट्यावर बराच तमाशा केला होता. आता तेवढ्यापुरतं मत बदललंय. रिस्टेकिंग म्हणजे शेवटी जामीनकीच. इथेरियमसाठी अडकवलेलं इथर दुसऱ्या एखाद्या सेवेलाही तारण म्हणून दाखवायचं. आयगनडीए ही त्यातली पहिली सेवा, एप्रिल 2024 ची. रोलअपचा (इथेरियमवरचा भार हलका करणाऱ्या जोड-साखळ्यांचा) डेटा सांभाळते. अशा सेवेला स्वतःचं नाणं काढून, व्हॅलिडेटर गोळा करत बसावं लागत नाही, हा या सगळ्याचा खरा उपयोग. पण चूक आज झाली आणि जामीनदार संध्याकाळच्या एसटीनं निघून गेला, तर जप्ती कुणावर? चूक सापडून सिद्ध होईपर्यंत पैसा जागेवर हवा. 14 दिवस त्यासाठी आहेत.

गंमत म्हणजे 17 एप्रिल 2025 पर्यंत आयगनलेयरवर स्लॅशिंगच (चुकीबद्दल तारण कापून घेणं) सुरू नव्हतं. जामीनदार रांगेनं उभे, जप्तीची सोयच नाही. माझ्या पंधरापैकी पहिले नऊ महिने मी पॉइंट गोळा करत होतो, बाकी काही नाही.

दुसरी चूक माझी. “एकाच सातबाऱ्यावर पाच कर्जं” असं मी मित्रांना ठणकावून सांगायचो. स्लॅशिंग आल्यापासून तसं राहिलेलं नाही. ऑपरेटर (आपल्या वतीनं या सेवांचं काम चालवणारा) आपल्याकडच्या स्टेकचे, म्हणजे अडकवलेल्या इथरचे, गुंठे पाडतो, आणि एका सेवेच्या नावे लावलेल्या गुंठ्यावर दुसरी सेवा जप्ती आणू शकत नाही. इथेरियमचा स्वतःचा दंड मात्र वेगळा, तो आहेच. इथेरियमचा सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिननं मे 2023 मध्ये जी भीती घातली होती ती याहून मोठी: अशी एखादी सेवा बुडाली की तिला वाचवायला साऱ्या इथेरियमनंच फाटा फोडावा (फोर्क करून साखळी दुभंगावी), अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. ते मला अजूनही पटतं.

कमाई? साध्या स्टेकिंगचे (नुसतं इथेरियमसाठी इथर अडकवण्याचे) वर्षाला तीनेक टक्के मिळाले. रिस्टेकिंगचं वरचं जे काही आलं, ते गॅस फी वजा जाता घरगुती गॅसच्या दोन सिलिंडरांएवढं. त्यावर 30 टक्के कर. शिवाय आमच्या सीएच्या मते इथर देऊन टोकन घेणं हाही व्यवहारच, म्हणून तो हिशेब वेगळा.

आणि ‘पेंडिंग’ संपल्यावर पैसे आपोआप येत नाहीत! परत जाऊन ‘क्लेम’ दाबायचं, पुन्हा गॅस भरायचा. निरोप नाही, मेल नाही. दोन दिवस उशिरा कळलं, तेही मीच सहज उघडून बघितलं म्हणून.

मोटर मेव्हण्याच्या पैशांतून केव्हाच बसली होती. त्याचे फेडून उरलेल्यातले 0.3 परत रिस्टेक केलेत, पण मधलं अ‍ॅप काढून: एसटीइथ (स्टेक केलेल्या इथरचं लिडोचं टोकन) थेट आयगनलेयरवर, आणि ऑपरेटरनं कुठल्या सेवेला किती गुंठे लावलेत ते बघून. 14 दिवस तिथंही आहेतच. मेव्हण्याच्या कानावर घालून ठेवलंय.