मार्कलिन 3000: काही महिने चालवल्यावर, आणि मुख्यतः रिव्हर्सच्या त्या स्प्रिंगबद्दल

मार्कलिन 3000 म्हणजे मार्कलिन कंपनीचं खेळण्यातल्या रेल्वेचं छोटं इंजिन. वर्ष पूर्ण झालं की त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं असं ठरवलं होतं. पण मध्यंतरी सायडिंगच्या (बाजूच्या बंद रुळाच्या) टोकाला उभं असलेलं इंजिन मागे घ्यायला ट्रान्सफॉर्मरचा नॉब शून्याच्या पलीकडे दाबला आणि ते मागे यायचं सोडून पुढेच उसळलं. रुळाच्या शेवटचा अडथळा, म्हणजे बफर-स्टॉप, आडवा झाला आणि इंजिन टेबलाच्या अगदी कडेला जाऊन थांबलं. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली जे झालं त्याने डोकं फिरलं, म्हणून आत्ताच लिहितोय.

एचओ म्हणजे 1:87 प्रमाण, रुळांच्या मधोमध असलेल्या स्टडवरून (धातूच्या बारीक खुंट्यांवरून) वीज, 16 व्होल्ट एसी, हे सगळं इथे वाचणाऱ्यांना पाठ असेल. माझ्याकडचं इंजिन जुन्या पिढीतलं आहे, म्हणजे आत चपट्या चकतीचा तीन फाकांचा कॉम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारी तांब्याची चकती), एका बाजूला कार्बनचा ब्रश आणि दुसऱ्या बाजूला तांब्याच्या जाळीचा. सोबत पत्र्याचे डबे आणि पत्र्याच्याच खडीवर बसवलेले एम-रूळ, म्हणजे मार्कलिनचे जुने पत्र्याचे रूळ. विकत घेण्याचं कारण सरळ होतं. एका नव्या डिजिटल इंजिनाला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात इंजिन, डबे आणि रुळांची भरलेली पेटी मिळत होती, आणि ब्रश, रबरी टायर, बल्ब हे सुटे भाग आजही नवे मिळतात.

पहिले काही आठवडे नुसता आनंद होता. 360 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर, 12 तुकड्यांच्या गोलात, हे छोटं तीन आसांचं इंजिन पत्र्याचे डबे ओढत न अडखळता फिरतं. आवाज मोठा आहे, पत्र्याच्या रुळांचा तर फारच, पण मला तो हवासा वाटतो. हे मॉडेल ज्या इंजिनाची प्रतिकृती आहे त्या 89.0 वर्गाची खऱ्या जर्मन रेल्वेवर फक्त 10 इंजिनं बनली. मॉडेल मात्र 1950च्या दशकापासून इतकी वर्षं बनत राहिलं की जुन्या सामानाच्या जवळपास प्रत्येक पेटीत एखादं सापडतंच. भाग मिळायची चिंता नाही ती त्यामुळेच. आणखी एक सुख म्हणजे दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असल्यामुळे रिव्हर्स लूप (गाडी वळवून त्याच रुळावर उलट दिशेने आणणारं वळण) टाकायला वेगळं वायरिंग लागत नाही. दोन रुळांच्या पद्धतीत ज्यांनी शॉर्टशी झटापट केली आहे त्यांना याची किंमत कळेल.

आता मूळ विषय. या इंजिनात दिशा बदलते ती आतल्या रिलेने, म्हणजे विजेच्या चुंबकाने हलणाऱ्या स्विचने. मोटरच्या फिल्ड कॉइलला (मोटरचं चुंबकत्व तयार करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) दोन गुंडाळ्या असतात, एक पुढे जायला आणि एक मागे. रिलेची कॉइल सतत रुळावरच्या व्होल्टेजवर असते. चालवताना ते 16 व्होल्टपर्यंत जातं, तेवढ्याला स्प्रिंग रिलेची पट्टी ओढू देत नाही. नॉब शून्याच्या पलीकडे दाबला की 24 व्होल्टचा झटका जातो, पट्टी खटकन ओढली जाते आणि दुसरी गुंडाळी जोडली जाते. म्हणजे सगळा खेळ एका केसाएवढ्या तारेच्या स्प्रिंगवर. ती सैल असेल तर इंजिन पूर्ण वेगात असताना स्वतःहूनच उलटं फिरतं. घट्ट असेल तर 24 व्होल्टलाही पट्टी ओढली जात नाही, झटका सरळ मोटरला मिळतो आणि इंजिन उसळी मारतं. दिवा त्या क्षणी लख्ख पेटतो, त्यावरून झटका पोहोचल्याचं कळतं.

मी इंजिन जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याकडे दिलं. त्याचं म्हणणं, रिले कालबाह्य झाला, काढून टाका, डिकोडर (डिजिटल संदेशांवर मोटर चालवणारं छोटं सर्किट) आणि कायम चुंबकाचं किट बसवा. खर्च इंजिनाच्या खरेदीपेक्षा जास्त. मी नको म्हटलं, फक्त रिले बघा असं सांगितलं. परत आलं तेव्हा रिलेला हातही लावलेला नव्हता, उलट मोटरमध्ये तेलच तेल घातलेलं. पूर्वी मस्त फिरणारं इंजिन आता धापा टाकत चालत होतं, आणि तपासणीचे पैसे वर वेगळे. मी पैसे परत मागितले, ते मिळाले नाहीत. ज्याला रिलेची स्प्रिंग जुळवता येत नाही त्याने जुनं एसी इंजिन हातात घेऊ नये, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि इथेही सांगतो.

मग स्वतःच उघडलं. आधी तेलाचा निकाल लावला. ब्रश काढून चकती पाहिली तर तिच्या तीन फाकांमधल्या फटी काळ्या चिखलाने भरलेल्या. कार्बनची पूड आणि तेल एकत्र झालं की असंच होतं, फाका एकमेकींना जोडल्या जातात आणि मोटरची ताकद जाते. टूथपिकचं टोक चपटं करून एकेक फट हलक्या हाताने साफ केली, कापसाच्या काडीवर लायटरचं पेट्रोल घेऊन चकतीचं तांबं चमकेपर्यंत पुसलं. सँडपेपर लावायचा नाही, ओरखड्यांत पुन्हा पूड साठते. (पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत करंट द्यायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची.) तांब्याच्या जाळीचा ब्रश तेल पिऊन बसला होता, तो बदलला. तेल फक्त आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) बेअरिंगला, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

इथपर्यंत माझं मत असं होतं की रिले हा या इंजिनाचा कच्चा दुवा आहे आणि इलेक्ट्रॉनिक रिव्हर्स युनिट बसवून मोकळं व्हावं. ते मत बदललं, त्याचं कारण सांगतो. इंजिन सायडिंगच्या टोकाला उसळत होतं, पण जिथे ट्रान्सफॉर्मरच्या तारा रुळाला जोडल्या आहेत तिथे दहापैकी दहा वेळा बरोबर दिशा बदलत होतं. म्हणजे दोष एकट्या रिलेचा नव्हता. एम-रुळांच्या प्रत्येक सांध्यावर थोडं व्होल्टेज पडतं, मधल्या वाहकाची जीभ (दोन तुकडे जोडणारी पत्र्याची पट्टी) दबलेली असेल तर जास्तच. शेवटच्या तुकड्यापर्यंत 24 चे 24 पोहोचतच नव्हते. सांध्यांच्या जिभा नाकपक्कडीने जराशा वर उचलल्या, दर दीड-दोन मीटरवर तारेची एकेक जादा जोडणी दिली, लाल मधल्या वाहकाला आणि तपकिरी रुळाला. निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं निम्मं स्प्रिंगचं. भिंगाखाली पाहिलं तर स्प्रिंग अडकवायची बारीक पट्टी कोणीतरी आधीच बाहेर वाकवलेली होती. माझा अंदाज असा: आधीच्या मालकाकडे 220 व्होल्टसाठी बनवलेला जुना निळा ट्रान्सफॉर्मर असणार. घरात 230 येत असतील तर तो 24 ऐवजी 25 देतो आणि चालवतानाही 16 च्या वर जातो. इंजिन भरधाव असताना आपोआप उलटं फिरायला लागलं असेल, म्हणून त्याने स्प्रिंग ताणली. मी वापरतो तो ट्रान्सफॉर्मर नव्या काळातला, 230 साठीचा, म्हणून त्याच्यावर ताणलेली स्प्रिंग भारी पडली. रिलेच्या बिजागरीत जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालं होतं, ते पुसून काढलं. मग पट्टी चिमट्याने आत वाकवली, जेमतेम दिसेल एवढी. चाचणी सोपी आहे. नॉब पूर्ण उघडून डब्यांशिवाय फेऱ्या मारायच्या, स्वतःहून उलटं फिरता कामा नये. मग सगळ्यात लांबच्या तुकड्यावर उभं करून झटका द्यायचा, जागेवरच खट असा आवाज येऊन दिशा बदलली पाहिजे. दोन्ही जमेपर्यंत थोडं आत, थोडं बाहेर. त्या संध्याकाळी उशिरापर्यंत मी फक्त तो खट ऐकत बसलो होतो.

त्यानंतर इंजिन एकदाही उसळलेलं नाही. सत्तरेक वर्षं जुन्या रचनेचा भाग चिमट्याने जुळवता येतो आणि पुन्हा नव्यासारखा काम करतो, हे मला फार मोलाचं वाटतं. डिकोडर जळाला तर तो फेकून नवा घ्यावा लागतो. डिजिटल किटचा विचार मी सोडून दिला.

निळ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल मात्र माझं मत कडक आहे. दिसायला देखणा असला तरी आतल्या वायरचं आवरण कडक होऊन तुटतं आणि बाहेरची पेटी धातूची. मुलं हात लावणार असतील तर अजिबात नको. त्याच्या झटक्याने आजच्या इंजिनांमधले डिकोडर जाऊ शकतात, तेव्हा नवं इंजिन त्याच्यावर ठेवू नका. आणि हे इंजिन डिजिटल सेंट्रलच्या (डिजिटल इंजिनं चालवणाऱ्या नियंत्रकाच्या) रुळावरही ठेवू नका. तिथे सतत पूर्ण व्होल्टेज असतं, ते सुसाट सुटेल.

बाकी किरकोळ. रबरी टायर आल्यापासून कडक होते, बदलले, चढावर फरक पडला. मधल्या स्टडवरून वीज घेणाऱ्या खालच्या स्लायडर पट्टीवर खोबण पडू लागली आहे, तीही मागवली आहे. रुळांवरचा गंज घासून काढू नका, कथलाचा मुलामा निघाला की आणखी लवकर गंजतात. कापडाने आणि पेट्रोलने पुसणं पुरतं.

जुनं 3000 घ्यायला जाणार असाल तर रंग आणि खोका नंतर बघा. विकणाऱ्याला ते आधी पूर्ण वेगात चालवायला लावा, मग थांबवून चार-पाच वेळा दिशा बदलायला सांगा. आपोआप उलटं फिरलं तर स्प्रिंग सैल, उसळलं तर घट्ट किंवा बिजागरी चिकटलेली. दोन्ही घरी सुधारता येतं, भाव करताना तेवढं कमी करून घ्या. पण टोपण उघडल्यावर स्प्रिंग अडकवायची पट्टीच तुटलेली दिसली, तर दुसरं शोधा, अशी इंजिनं भरपूर आहेत.