मुंबई–न्यूयॉर्क स्वस्तात: थेट, आखातमार्गे की दोन वेगळी तिकिटं?

लेक न्यू जर्सीत, आईबाबा ठाण्यात किंवा पुण्यात, आणि त्यांना चार-पाच महिन्यांसाठी तिकडे बोलवायचंय. इकॉनॉमीची तिकिटं बघायला बसलं की तीन रस्ते समोर येतात: मुंबईहून थेट, आखातात एक थांबा घेऊन, किंवा दोन वेगळी तिकिटं जोडून. यातला तिसरा बऱ्याचदा सगळ्यांत स्वस्त दिसतो. आईबाबांसाठी तो घेऊ नका, हे आधीच सांगते.

समजा, मुंबई–ॲमस्टरडॅम एका कंपनीचं आणि ॲमस्टरडॅम–न्यूयॉर्क दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं. बॅगा ॲमस्टरडॅमलाच उतरतात. त्या घेऊन पुन्हा चेक-इन करायचं तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी त्यासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागतोच. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. नवं तिकीट त्याच दिवशीच्या भावाने. फक्त पाठीवरची सॅक, हाताशी भरपूर वेळ आणि विमानतळांची सवय असलेल्या तरुण मुलाने हा हिशेब करून बघावा. बाकी कुणी नाही.

आता खरी निवड उरते ती थेट आणि आखात यांत. एअर इंडियाचं मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान साधारण १६ तासांचं. महाग असतं, पण मध्ये कुठे गेट शोधायचं नाही, पाट्या वाचायच्या नाहीत. पहिल्यांदाच जाणारे, गुडघे दुखणारे किंवा इंग्रजीला बिचकणारे आईबाबा असतील तर हे जादा पैसे मी न कुरकुरता देईन. दिल्लीहून कधीकधी स्वस्त मिळतं, पण पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि उत्तरेकडून जाणाऱ्या विमानांना वळसे पडले. त्यामुळे दिल्लीचा भाव बघताना एकूण वेळही बघा, आणि मुंबई–दिल्ली जोडणी त्याच तिकिटावर हवी.

एकदा जाऊन आलेल्यांसाठी मात्र माझं मत आखाताकडे झुकतं. दुबई, दोहा, अबू धाबी या तिन्हींत भावाची चुरस असते. तिकीट एकच असल्याने बॅगा मुंबईत दिल्या की थेट अमेरिकेत भेटतात, आणि जोडणी चुकली तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. २३ जून २०२५ ला कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली, तेव्हा कितीतरी विमानं वळवावी लागली. अशा वेळी एकाच तिकिटाची किंमत कळते. अबू धाबीची आणखी एक सोय आहे: २०१४ पासून तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसण्याआधीच होतं. पुढे चौदा तास बसून उतरल्यावर रांग नाही, देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडायचं. थांबा मात्र अडीच ते चार तासांचा निवडा. अगदी स्वस्त तिकिटात पुष्कळदा रात्रीचे नऊ-दहा तास दडलेले असतात.

भाव ताडून बघताना बॅगा मोजा. पूर्वी अमेरिकेला २३ किलोच्या दोन बॅगा गृहीतच धरायचो. आता काही स्वस्त भाड्यांत एकच मिळते. भाजणी, गोडा मसाला, नातवासाठी दुपटी आणि झबली एका बॅगेत मावत नाहीत. दुसऱ्या बॅगेचे जातानाचे आणि येतानाचे पैसे मिळवा, मग कोण स्वस्त ते ठरवा.

तारखांचं थोडक्यात: फेब्रुवारी, मार्चची सुरुवात आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध सहसा हलका, मे-जून, विद्यार्थ्यांचा ऑगस्ट आणि डिसेंबरचा शेवट जड. गूगल फ्लाइट्सवर कॅलेंडर उघडून दोन-तीन दिवस पुढेमागे करून बघा, भावाची सूचना लावून ठेवा.

पण खरेदी विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर करा. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना तिथल्या परिवहन खात्याचा नियम लागू आहे: निघायला किमान सात दिवस असताना कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं, किंवा तेवढा वेळ पैसे न भरता भाव धरून ठेवता येतो; यातली कुठली सोय द्यायची ते कंपनी ठरवते. चांगला भाव दिसला की आधी तिकीट घ्यायचं आणि मग रात्री लेकीशी फोनवर तारखा पक्क्या करायच्या, हे त्यामुळे जमतं. माझ्या आईचं तिकीट मी एकदा थोडे पैसे वाचवायला एका एजंट साइटवरून घेतलं. बाबांच्या ऑपरेशनमुळे तारीख बदलायची वेळ आली, तेव्हा विमान कंपनी म्हणे एजंटशी बोला, आणि एजंटचा फोन दोन दिवस लागेना.

म्हणून बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईचं परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, ते थोडं महाग पडलं तरी. बाळ तारखेवर येईलच असं नाही, आणि आल्यावर आजीचा पाय तिथून लवकर निघत नाही.