एकाच खोलीतल्या संगणकांसाठी लोकलसेंड : एका दिवाळी अंकाच्या हंगामानंतर

सदाशिव पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या ऑफिसात मांडणी विंडोजवर होते, चित्रांचं काम मॅकवर, आणि मुद्रितशोधनाचा संगणक लिनक्सवर चालतो. या तिघांत फाइल द्यायला-घ्यायला लोकलसेंड हे ॲप बसवलं ते आषाढात. आता दिवाळी अंक छापून बाजारात गेलेत, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधीचे मार्ग सगळ्यांच्या ओळखीचे. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची एक अखंड फाइल बसत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र इतकं दाबलं जातं की छपाईला निरुपयोगी. क्लाउड वापरायचा तर शेजारच्या टेबलावरची फाइल गावाला वळसा घालून येणार.

लोकलसेंडला खातं लागत नाही, मधला सर्व्हर नाही, इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. प्रत्येक संगणक नेटवर्कवर ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो आणि बाकीचे ओ देतात. आपोआप मिळणारं फळाचं नाव बदलून आम्ही ‘मांडणी’, ‘चित्रं’, ‘प्रूफ’ अशी नावं दिली. हे पहिल्याच दिवशी करा.

मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते स्वीकारणं. आधी फक्त फाइलचं नाव आणि आकार जातो. घेणाऱ्याने होकार दिला की मगच फाइल निघते. “मावशी, चौथा फर्मा पाठवतेय, पानं ४९ ते ६४,” असं मांडणी करणारीने म्हटलं की प्रूफ वाचणाऱ्या मावशी पडद्यावर नाव वाचतात, जुनी आवृत्ती दिसली तर तिथल्या तिथे नाकारतात. शेअर्ड फोल्डरमध्ये कोणी कधी काय बदलून ठेवलं, हे समोरच्याला कळतच नाही. छपाईच्या धावपळीत फाइल एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खात्री लागते, आणि ती इथे मिळते. म्हणूनच न विचारता फाइल घेणारं ‘क्विक सेव्ह’ आम्ही बंद ठेवलंय.

संगणक एकमेकांना दिसेनात, तर दोष बहुधा ॲपबाहेर असतो. आमच्या वायफाय राउटरवर एपी आयसोलेशन चालू होतं, म्हणजे जोडलेली यंत्रं एकमेकांशी बोलूच शकत नव्हती. ते बंद केलं. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, फायरवॉलमध्ये ५३३१७ हा पोर्ट, म्हणजे ॲपची ये-जा होते तो दरवाजा, उघडा. मॅकवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी द्यायला विसरू नका.

वेग तुमच्या जोडणीवर. १०० एमबीपीएसच्या जुन्या नेटवर्क स्विचवरून १ जीबी जायला साधारण दीड मिनिट लागतं. मोठ्या फाइली नेहमी जात असतील तर गिगाबिट स्विच आणि केबल घ्याच.

पाहुण्या लेखकाच्या लॅपटॉपवर ॲप नसलं तरी अडत नाही. लिंकने शेअर केलं की तो ब्राउझरमधून फाइल उतरवून घेतो, मात्र लॅपटॉप आपल्याच वायफायवर हवा.

पण पाठवताना दोन्ही संगणक चालू आणि ॲप सुरू असावं लागतं. मावशी संध्याकाळी लवकर निघाल्या की त्यांच्यासाठी रात्री काही ठेवून जाता येत नाही. शिवाय छायाचित्रांचा साठा सगळ्यांना सतत लागतो, तो दर वेळी पाठवत बसणं वेडेपणाच. त्यामुळे तो लिनक्सवरच्या सांबा फोल्डरमध्येच (म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमध्ये) आहे, बाकीच्यांना फक्त वाचण्याची परवानगी देऊन.