घरचं बीपी मशीन आणि शंभर पानी वही : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गणपतीत मंडळाच्या रक्तदान शिबिरातून मला परत पाठवलं. रक्त द्यायचं तर बीपी 140/90 च्या आत लागतं, माझं 158/98 भरलं. वय 46, वजन 51 किलो, औषध कसलंच नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात 144/88 आलं. डॉक्टर म्हणाले, "जिने चढून आलात. शिवाय तुम्ही इतक्या बारीक, टेन्शन घेऊ नका." मी "बरं" म्हणून घरी आले. त्या "बरं"चं मला अजून वाईट वाटतं. माझी आईही बारीकच होती. तिचं बीपी पहिल्यांदा मोजलं गेलं ते पक्षाघात झाल्यावर.

ऑक्टोबरमध्ये कोथरूडच्या नेहमीच्या मेडिकलमधून डिजिटल मशीन घेतलं, दोन हजारांच्या आसपास. दंडाला पट्टा बांधायचंच घ्या. मनगटावरचं सुटसुटीत असतं, पण मनगट छातीच्या पातळीत धरलं नाही की आकडा चुकतो.

पहिला आठवडा वाया गेला. चहा पिऊन, पायावर पाय टाकून, फोनवर बोलत मोजत होते आणि दर वेळी वेगळाच आकडा. माझी वहिनी नर्स आहे, तिने शेजारी बसून शिकवलं. आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोन मापं, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या सरासरीला 135/85 ही मर्यादा धरतात, दवाखान्यातल्यापेक्षा कमी. माझी सरासरी 148/93 आली.

तो कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. या वेळी बोलायचं काय तेही लिहून नेलं होतं: "डॉक्टर, हे सात दिवसांचे आकडे. आईला पक्षाघात झाला होता. मी बारीक आहे एवढ्यावर थांबायचं का?" त्यांनी चष्मा लावून पान नीट वाचलं आणि मशीन तपासायला स्वतःच्या यंत्राशी ताडून पाहिलं. फरक चारचा होता. मग मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातल्या चरबीसाठी लिपिड, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) आणि ईसीजी लिहून दिले. तोंडी तक्रारीने जे झालं नव्हतं ते एका पानाने झालं.

एचबीएवनसी निघालं 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (5.7 ते 6.4). लोह कमी असलं तर हा आकडा खोटा वाढू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि लोहही पाहिलं, ते ठीक होतं. बारीक माणसाला हे कसं, याचं उत्तर पुण्यातच सापडलं. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगतात. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण चरबी ब्रिटिश डॉक्टरांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वजनकाटा बघून "तुम्हाला काही नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो फोटो दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

बीपीसाठी अम्लोडिपिनची गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांत संध्याकाळी घोटे सुजायला लागले. पूर्वी मी गोळी गुपचूप बंद केली असती. या वेळी कोणत्या दिवशी किती सूज ते वहीत लिहिलं आणि दाखवलं. हा या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे म्हणून डॉक्टरांनी ती बदलून टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिली, आणि काही आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा करायला सांगितलं. त्या तपासणीचा कागद मीच मागून घेतला. आता सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे. सध्याची सरासरी 124/79. लोणचं आणि पापड रोजच्या ताटातून गेले, ते जड गेलं.

मशीनची उणीव सांगायची तर सोबत आलेला पट्टा. तो 22 ते 32 सेंमी दंडासाठी असतो. सासूबाईंचा दंड 35, त्यामुळे त्यांचं माप बारा-पंधराने जास्त दिसायचं आणि त्या घाबरायच्या. मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला. घेताना दंडाला टेप लावूनच घ्या. दुसरं, डिसेंबरमध्ये मी दिवसातून दहादा मोजत होते. डॉक्टरांनी थांबवलं. आता भेटीआधीचा एक आठवडाच मोजते.

घरात एकच माणूस मोजायला तयार नव्हता. यांचं माप रविवारी बळेच घेतलं: 142/91. "एकदाच आलंय," म्हणाले. वहीची पुढची सात पानं त्यांच्या नावाने आखून ठेवली आहेत, पैकी तीन भरली.